बहात्तराव्या हिश्श्याचा मळ

साशंक : लहान विमानं बनवण्याच्या तुमच्या छंदाचा एक भाग मला कळतो, दुसरा कळत नाही. किटमधले प्लॅस्टिकचे भाग कापून काढणं, घासणं, जोडणं, सांधे भरून सपाट करणं आणि मग एअरब्रशनं एकसारखा रंग चढवणं, हे मी समजू शकतो. त्यात हाताचं कसब आहे, आणि ते जमलं की नाही हे डोळ्यांना दिसतं. पण एवढ्या मेहनतीनं नीट रंगवलेलं लढाऊ विमान तुम्ही नंतर कित्येक संध्याकाळी बसून खराब करता. पातळ केलेला तेलरंग पत्र्यांच्या सांध्यांत सोडता, पोटाखाली तेलाचे ओघळ काढता, पंखाच्या कडेला चंदेरी टवके रंगवता, इंजिनाच्या तोंडाशी काळी पूड चोळता. याला वेदरिंग म्हणता आणि सांगता की आता कुठे विमान खरं वाटायला लागलं. मला ते तिथेच खोटं व्हायला लागतं. खरं विमान ऊन, पाऊस आणि खारा वारा खाऊन मळतं. तुमचं विमान एक क्षणही न उडता म्हातारं झालेलं असतं.

हौशी : न उडता ते कोरं तरी कसं असेल? कारखान्याच्या दारातून आत्ताच बाहेर आल्यासारखं चकचकीत विमान हेही रंगानं केलेलं विधानच आहे. लहान विमान रंगवताना त्या विमानाच्या आयुष्यातला एक दिवस निवडावाच लागतो, आणि कोरं ठेवलं तर निवडलेला दिवस पहिला असतो, इतकंच. ब्रिटिश नौदलाचं सी हॅरियर घ्या. १९८२ च्या मार्चमध्ये ते वरून गडद राखाडी आणि खालून पांढरं, तुळतुळीत होतं. शेपटीवर स्क्वॉड्रनची मोठी चिन्हं, अंगावर लाल-पांढरी-निळी गोल खूण. ५ एप्रिलला ‘हर्मिस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू नौका पोर्ट्समथहून फॉकलंडच्या युद्धासाठी निघाल्या आणि प्रवासातच विमानांचं रूप पालटलं. पांढरं पोट गडद राखाडीखाली गेलं, चिन्हं बुजवली, गोल खुणेतला पांढरा भागही बुजवला. ‘इन्व्हिन्सिबल’वर हा रंग फवारला गेला, ‘हर्मिस’वर नौसैनिकांनी तो हातानं, ब्रशनं लावला. मे महिन्यात ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावरून ८०९ स्क्वॉड्रनची आणखी आठ सी हॅरियर पोचली, ती फिकट राखाडी रंगात होती, आणि त्यांच्यावरच्या गोल खुणा गुलाबी आणि फिक्या निळ्या. एकच विमान, दोन महिन्यांत तीन रूपं. तेव्हा ‘सी हॅरियरचा रंग कोणता’ या प्रश्नाला तारखेशिवाय उत्तरच नाही. आणि तारीख आली की तिच्याबरोबर त्या तारखेपर्यंतचा प्रवास येतो.

‘हर्मिस’ आपल्याला परकी नाही हेही सांगतो. १९८७ मध्ये ती ‘आयएनएस विराट’ होऊन भारतीय नौदलात आली आणि २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली. तिच्यावरून उडणारी आपली सी हॅरियर गोव्यात, दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर राहत होती.

साशंक : तारखेचा मुद्दा मी मान्य करतो. पण तो रंगयोजनेबद्दलचा आहे, मळाबद्दलचा नाही, आणि तुम्ही या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत भरता आहात. रंगयोजना लिहून ठेवलेली असते. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी फॅंटम विमानांवरचे दोन हिरवे आणि एक तपकिरी रंग कोणते, हे अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्डच्या पाच आकडी क्रमांकांत सापडतं : ३४०७९, ३४१०२, ३०२१९. पहिला आकडा रंगाची चमक सांगतो; तीन म्हणजे चमक नसलेला. पट्टे कुठून कुठे वळतात याचे आराखडे होते. तुम्ही चुकलात तर मी दाखवून देऊ शकतो, आणि जिथे चूक दाखवता येते तिथेच अचूकतेला अर्थ असतो. मळाला क्रमांक नाही. पोटाखालचा ओघळ चार इंच मागे गेला तर तुम्हाला कोण चूक म्हणणार?

आता मापाचं बघू. १/७२ प्रमाणातलं विमान तुम्ही हातभर अंतरावरून, समजा ३० सेंटीमीटरवरून बघता. म्हणजे खरं विमान जवळपास २२ मीटरवरून बघितल्यासारखं झालं. तेवढ्या अंतरावरून पत्र्यांचे सांधे काळ्या रेघांसारखे दिसतात का? किटवरच्या सांध्याची खाच ०.२ मिलिमीटर धरली, तरी खऱ्या विमानावर ती जवळजवळ दीड सेंटीमीटरची भेग होते. असं विमान कोणी धावपट्टीवर नेणार नाही. त्यात तुम्ही काळा वॉश, म्हणजे तोच पातळ केलेला तेलरंग, भरता आणि ती भेग आणखी उठावदार करता.

आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे. विमानवाहू नौकेवरच्या विमानाचा शत्रू नंबर एक म्हणजे मीठ. ‘अटलांटिक कन्व्हेयर’वरून ती हॅरियर नेली तेव्हा उघड्या डेकवर खारं पाणी लागू नये म्हणून त्यांना आवरणांत गुंडाळलं होतं. अशी विमानं गोड्या पाण्यानं धुतली जातात, तेल पुसलं जातं, रंग उडाला तर पत्र्याला गंज लागायच्या आत नवा रंग लागतो. हे काम करणारी माणसं वैमानिकांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि त्यांची नावं कुठे येत नाहीत. तुमचं टवके उडालेलं, तेलानं माखलेलं विमान सांगतं की त्यांनी आपलं काम केलं नाही.

हौशी : तुमचा हा शेवटचा आक्षेप खरोखर लागतो, कारण वेदरिंगमध्ये जे काही वाईट होतं ते नेमकं याच विस्मरणातून होतं. म्हणून त्याचंच उत्तर आधी देतो.

ग्राउंड क्रूचं काम विमानावर दिसतं, पण ते स्वच्छतेच्या रूपातच दिसतं असं नाही. शिडी कुठे लागते, बूट कुठे पडतो, कुठली झाकणं दररोज उघडली जातात, यावरून रंग घासला जातो. पंखाच्या मुळाशी माणसं चालतात म्हणून तिथला रंग झिजतो. शेपटीच्या टोकाशी कोणी चालत नाही, तिथे टवके काढणाऱ्यानं विमान बघितलेलंच नाही. १९८० च्या दशकातली अमेरिकी नौदलाची राखाडी विमानं घ्या. समुद्रावर असताना गंज रोखण्यासाठी त्यांच्या झाकणांभोवती, स्क्रूंच्या ओळींवर पुन्हा पुन्हा नवा रंग लागायचा, आणि तो जुन्या, उन्हानं बदललेल्या राखाडीशी जुळायचा नाही. लांबून विमान ठिगळं लावल्यासारखं, कळकट दिसे. ते ठिगळ म्हणजे कुणीतरी वाकून, वेळेत लावलेला रंग. तुम्ही ज्याला मळ म्हणता त्याचा मोठा भाग ही देखभाल आहे. ती दाखवायची तर ठिगळं कुठे पडतात आणि का, हे आधी शिकावं लागतं.

सी हॅरियरचंच आणखी एक उदाहरण. त्याच्या पेगासस इंजिनाला दोन्ही बाजूंना मिळून चार फिरती नळकांडी असतात. पुढच्या दोनांतून पंख्यानं ढकललेली, तुलनेनं थंड हवा येते. मागच्या दोनांतून जळलेला तप्त वायू. काजळी आणि उष्णतेचे डाग मागच्या जोडीच्या मागे असतात, पुढच्यांच्या नसतात. चारही तोंडांशी सारखी काळी पूड चोळलेलं सी हॅरियर दिसलं की मला कळतं, रंगवणाऱ्यानं इंजिन समजून घेतलेलं नाही. तुम्ही विचारलंत मळाची चूक कोण दाखवणार. ही बघा, मी दाखवली. मळाला क्रमांक नसेल, कारणं आहेत, आणि कारण चुकलं की मळ चुकतो.

सांध्यांतल्या काळ्या रेघांबद्दल मी भांडणार नाही. प्रत्येक खाच सारख्याच काळ्या रंगानं भरणं ही सवय आहे, निरीक्षण नव्हे. मूळ रंगाहून जरा गडद वॉश, तोही फक्त हलत्या भागांच्या फटींत आणि रोज उघडणाऱ्या झाकणांच्या कडेनं, एवढं पुरतं.

साशंक : कारणं आहेत हे तुम्ही चांगलं दाखवलंत. मग त्याच वाटेनं जरा पुढे चला. ‘हर्मिस’वर ब्रशनं रंग लावला, हे तुम्हाला फार मोलाचं वाटतं. मलाही वाटतं, घाईत, हलत्या जहाजावर, युद्धाकडे जाताना माणसं हातानं विमानं रंगवत होती. आता ते १/७२ मध्ये दाखवा. दहा सेंटीमीटर रुंद ब्रशचा फटकारा तुमच्या पंखावर दीड मिलिमीटरपेक्षा कमी होतो. ब्रशच्या केसांनी उमटलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक होते. ती कुठल्याच हाताला काढता येणार नाही आणि कुठल्याच डोळ्याला दिसणार नाही. म्हणजे प्रामाणिकपणे मापात राहिलात तर ती गोष्ट विमानावर येतच नाही, आणि आणायचीच म्हटली तर फुगवावी लागते. कॅमोफ्लाजच्या पट्ट्यांचंही तेच. खऱ्या फॅंटमवर हिरव्याचा तपकिरीत विरत जाणारा काठ समजा पाच सेंटीमीटरचा. तुमच्याकडे तो पाऊण मिलिमीटरही नाही. बहुतेकांच्या विमानांवर तो याच्या तिप्पट-चौपट पसरलेला असतो आणि तरीही त्याला वास्तववादी म्हटलं जातं.

हौशी : पट्ट्यांचा काठ पाऊण मिलिमीटरमध्ये आणता येतो. बारीक नोझल, कमी दाब, पातळ रंग आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळ धरलेला हात लागतो. किंवा कागदाचे साचे किंचित उचलून लावायचे, म्हणजे कडेखालून रंग जेमतेम शिरतो आणि काठ मऊ होतो. अवघड आहे, पण अशक्य नाही, आणि स्वीडिश विगन विमानाच्या चार रंगी टोकदार ठिकऱ्यांपुढे तर ते सोपंच म्हणायचं. तिथे एकही काठ मऊ नसतो, सगळं मास्किंग टेपचं काम, आणि एक कोन चुकला की शेजारचे तीन चुकतात.

ब्रशच्या खुणा मात्र फुगवाव्याच लागतात, हे खरं. पण फुगवणं आणि खोटं बोलणं एकच का? नाटकात नटाच्या चेहऱ्यावर रंग असतो तो शेवटच्या रांगेतल्या माणसाला भुवई उचललेली दिसावी म्हणून. लहान विमानाचंही तसंच आहे. लहान वस्तूवर प्रकाश मोठ्या वस्तूसारखा खेळत नाही. खऱ्या विमानाच्या आणि आपल्या मध्ये हवा असते, ती रंग फिका करते. तोच रंग डबीतून जसाच्या तसा लहान विमानावर लावला तर गडद आणि जड दिसतो, म्हणून आम्ही त्यात थोडा फिकट राखाडी मिसळतो. क्रमांकाप्रमाणे बघितलं तर तो रंग चुकीचा आहे. डोळ्याला तो बरोबर वाटतो.

साशंक : पण कपाटातल्या विमानाला शेवटची रांग नसते. बघणारा नाक काचेला लावून बघतो, पहिल्या रांगेच्याही पुढे. तेव्हा तुमचा भडक रंग त्याला रंग म्हणूनच दिसतो. आणि किती राखाडी मिसळायचा याला नियम काय? ‘डोळ्याला बरोबर’ म्हणजे कोणाच्या? माझी खरी शंका इथे आहे. तुमचा डोळा विमानं बघून तयार झालेला नाही. तो छायाचित्रं बघून तयार झाला आहे, आणि त्याहून जास्त इतरांची लहान विमानं बघून. जुन्या रंगीत स्लाइडवरचा हिरवा, मासिकात छापलेला हिरवा, स्पर्धेत पहिल्या आलेल्या प्रतिकृतीवरचा हिरवा, यांचा मिळून एक ‘खरा’ हिरवा बनतो. गडद-फिकट फरक फार उठावदार करण्याची स्पॅनिश हौशींची पद्धत रणगाड्यांच्या प्रतिकृतींतून विमानांकडे आली आणि आता व्हिएतनाममधलं फॅंटम, दाबोळीचं सी हॅरियर आणि नॉर्वेचं एफ-१६ एकाच हातानं मळल्यासारखी दिसतात. व्हिएतनाममधलं ऊन रंगाची पांढुरकी भुकटी करतं. कोकण-गोव्याचा पाऊस चार महिने कोसळतो. नॉर्वेत बर्फ असतं. हवामान वेगळं आणि मळ एकच, याला वेदरिंग कसं म्हणायचं?

आणि प्रत्यक्ष विमान बघायला गेलात तरी सुटका नाही. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर समोर उभं आहे, जवळ जाऊन बघता येतं. आकार, सांधे, झाकणं यांसाठी त्यासारखं दुसरं साधन नाही. पण उघड्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही विमानाचा रंग त्याच्या प्रदर्शनातल्या वर्षांचा असतो, सेवेतल्या नव्हे. चौकाचौकांत खांबावर चढवलेल्या विमानांचं तर कितीदा नव्यानं रंगकाम होतं. त्यांच्याकडे बघून राखाडी जुळवणारा कशाशी जुळवतो आहे?

हौशी : शैलीची साथ पसरली आहे, हे मला तुमच्याइतकंच खटकतं. पण त्यावरून सगळं वेदरिंग सोडून द्यायचं म्हटलं तर काही विमानांबद्दल खरं बोलणंच बंद होईल. १९९१ च्या आखाती युद्धातली ब्रिटिश जॅग्वार विमानं घ्या. आपल्या जॅग्वारांवर असायची तशीच हिरवी-राखाडी जोडी त्यांच्या अंगावर होती, आणि तिच्यावर वाळवंटासाठी गुलाबी छटेचा रंग चढवला. तो मुद्दाम तात्पुरता होता, धुऊन काढता येईल असा. साहजिकच तो वापरानं झिजला आणि खालून जुने हिरवे-राखाडी पट्टे डोकावू लागले. ते जॅग्वार एकसंध गुलाबी रंगवलं तर नियम पाळला जाईल, क्रमांक जुळेल, आणि मोहिमेच्या शेवटी ते विमान जसं होतं तसं ते असणार नाही. तिथे झीज हीच कॅमोफ्लाजची हकिगत आहे : एक देश उत्तर युरोपसाठी रंगवलेली विमानं घेऊन घाईनं वाळवंटात आला, हे तेवढ्या झिजेतून कळतं.

असंच फॉकलंडच्या युद्धातल्या अर्जेंटिनाच्या डॅगर आणि स्कायहॉक विमानांचं. अंगावर लपण्यासाठी तपकिरी-हिरवे पट्टे, आणि त्यांच्यावर आपल्याच तोफांनी पाडू नये म्हणून रंगवलेले ठळक पिवळे पट्टे. लपायचंही आहे आणि ओळखूही यायचं आहे. लढाईतली भीती मला कुठल्याही वर्णनापेक्षा त्या दोन रंगांच्या शेजारात जास्त स्पष्ट दिसते.

साशंक : जॅग्वारपुरतं मी हरलो, ते सोडून देऊ. पण तुम्ही भीतीचं नाव काढलंत, म्हणून मनात होतं ते बोलतो. फॉकलंडच्या युद्धात ९०७ माणसं मेली. ६४९ अर्जेंटिनाची, २५५ ब्रिटनची आणि तीन बेटांवरच्या स्त्रिया. तुमचं झिजलेलं, काजळलेलं सी हॅरियर बघणाऱ्याला यातलं काही आठवत नाही. त्याला पराक्रम आठवतो. मळ हा पराक्रमाचा दागिना झाला आहे. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं देशभरच्या शाळांतल्या मुलांकडून याच १/७२ प्रमाणातली पाच लाख विमानं मागवली होती, ओळख पटवण्याच्या प्रशिक्षणासाठी. ती लाकडी विमानं काळी रंगवली होती. मळ नाही, पट्टे नाहीत, खुणा नाहीत, फक्त आकार. त्यांत एक सचोटी होती. ती म्हणत होती, हे यंत्र आहे, याचा आकार लक्षात ठेवा, यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

हौशी : त्या काळ्या विमानांबद्दल मला आदर आहे. पण ती ज्याला दाखवायची तो तोफेमागे उभा राहणार होता. त्याला आकाशातली सावली ओळखायची होती. माझं विमान बघणारा युद्धानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेला असतो. त्याला विमान ओळखायचं नाही, ते दिवस समजून घ्यायचे आहेत. आणि पराक्रमाचा दागिना म्हणालात, तर मला स्वच्छ विमानाची जास्त धास्ती वाटते. नवं कोरं लढाऊ विमान विक्रीच्या माहितीपत्रकावर असतं तसं दिसतं, जणू ते कधी वापरलंच जाणार नाही. वापरलेलं विमान निदान वापर झाला एवढं तरी कबूल करतं. तो वापर कोणावर झाला हे दोन्ही सांगत नाहीत. ते सांगायला प्लॅस्टिक पुरत नाही, लिहावं लागतं.

साशंक : मग लिहाच. माझं मागणं त्यावरच येऊन थांबतं. प्रत्येक विमानाच्या तळाशी पाटी लावा. हे कुठल्या क्रमांकाचं विमान, कुठली तारीख, कुठली झीज छायाचित्रात बघितली आणि कुठली अंदाजानं केली. एवढं लिहिलंत तर माझे निम्मे आक्षेप मागे घेतो.

हौशी : मलाही पाटी हवी आहे. पण ती तुम्हाला वाटते तितकी सोपी नाही. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास आपल्या मिग-२१ विमानांच्या चंदेरी अंगावर हिरवे-तपकिरी पट्टे चढवले गेले, आणि ते सगळीकडे सारखे नव्हते. त्यांची छायाचित्रं थोडी, त्यातलीही बरीच काळी-पांढरी, बहुतेक एका बाजूनं घेतलेली. काळ्या-पांढऱ्यात हिरवा आणि तपकिरी यांच्यात फरक उरत नाही. उजवी बाजू दिसत नाही, पोट तर दिसतच नाही. तिथे मी काय करू? उजवी बाजू बिनरंगाची ठेवू? डावीसारखी रंगवली तर अंदाज, वेगळी रंगवली तरी अंदाज, आणि स्वच्छ ठेवली तर ती स्वच्छ होती असा तिसरा अंदाज. हे विमान ओझरच्या कारखान्यात जोडलं गेलेल्या पिढीतलं, आपल्या घरचं. त्याचीच बाजू मला सर्वांत कमी माहीत आहे, आणि तीच रंगवायची मला सर्वांत जास्त इच्छा आहे.

साशंक : जिथे पुरावा संपतो तिथे हात थांबवावा, असं मी म्हणेन. मूळ रंग द्या आणि पुढे जाऊ नका.

हौशी : आणि मी म्हणेन, पुरावा संपतो तिथून पुढे कारणांनी जावं. बूट कुठे पडतो हे मला माहीत आहे, इंजिन कुठून धूर सोडतं हे मला माहीत आहे, ऊन वरून पडतं हे मला माहीत आहे. एवढ्यावर पंखाचं मूळ झिजवायला आणि पाठ फिकी करायला मी कचरणार नाही. पाटीवर ‘अंदाज’ लिहीन, पण रंग थांबवणार नाही.

साशंक : तर मग माझा निकाल ऐका. पाटी असलेलं मळकं विमान आणि पाटी नसलेलं स्वच्छ विमान यांत मी आता मळकं निवडेन. आज बोलायला बसलो तेव्हा निवडलं नसतं. पण पाटी असलेलं स्वच्छ विमान त्यांच्या शेजारी आलं, तर माझं मत अजून त्यालाच आहे.